एक फोन म्हणतो ‘चालतं’, दुसरा म्हणतो ‘चालत नाही’: डी अँड डीचा नियम नेमका वाचायचा कसा?

गेल्या महिन्यात आमचा डंजन्स अँड ड्रॅगन्सचा गेम एका बुक्कीवर अडला. मित्राच्या पॅलाडिनची तलवार दरीत पडलेली, समोर झोंबी, आणि हिट पॉइंट उरलेले फक्त ४. तो म्हणाला, “मी बुक्की मारतो आणि त्यावर डिव्हाइन स्माइट लावतो.” दुसरा लगेच ओरडला, “अरे, बुक्कीवर स्माइट चालत नाही!” दोघांनी फोन काढले. एकाचा चॅटबॉट म्हणाला चालतं, दुसऱ्याला सर्चमध्ये सापडलं चालत नाही. वीस मिनिटं भांडण झालं आणि पॅलाडिनवाला उठून घरी गेला. डंजन मास्टर मी होतो, म्हणजे निर्णय द्यायचं काम माझंच होतं. मी मात्र दोन्ही स्क्रीनकडे बघत बसलो.

घरी येऊन नीट वाचल्यावर कळलं, की दोघांचीही उत्तरं बरोबर होती. फक्त ती वेगवेगळ्या पुस्तकांतली होती.

गोंधळ सुरू कुठे होतो?

या खेळात तुमच्या पात्राचा एक ‘क्लास’ असतो आणि प्रत्येक क्लासला खास क्षमता असतात. पॅलाडिन म्हणजे शपथ घेतलेला योद्धा. डिव्हाइन स्माइट वापरून तो स्पेल स्लॉट खर्च करतो आणि फटक्याला जादा डॅमेज जोडतो.

२०१४ च्या प्लेअर्स हँडबुकप्रमाणे ‘जवळून केलेला शस्त्र-हल्ला’ लागला की स्माइट लावता येतो. आता गंमत बघा. त्याच पुस्तकात बुक्कीचा हल्लासुद्धा ‘शस्त्र-हल्ला’ याच प्रकारात मोडतो, पण बुक्की स्वतः ‘शस्त्र’ नाही! आणि स्माइटच्या वर्णनात पुढे ‘शस्त्राच्या डॅमेजशिवाय आणखी’ असा उल्लेख आहे. अर्धं वाक्य वाचलं तर उत्तर हो, पूर्ण वाचलं तर नाही.

कंपनीच्या अधिकृत खुलाशांचा संग्रह आहे, सेज ॲडव्हाइस कंपेंडियम. त्यात उत्तर ‘नाही’ असंच आहे. पण तिथेच हेही म्हटलंय, की डंजन मास्टरने परवानगी दिली तर खेळाचा तोल बिघडत नाही. सर्चमधल्या तुकड्यात बहुतेक वेळा फक्त ‘नाही’ दिसतं, पुढचा भाग कापला जातो.

२०२४ मध्ये काय बदललं?

सप्टेंबर २०२४ मध्ये नवीन प्लेअर्स हँडबुक आलं. त्यात बुक्कीवर स्माइट चालतो, असं स्पष्ट लिहिलंय. पण बदल तेवढाच नाही. स्माइट आता स्पेल झालाय आणि त्याला बोनस ॲक्शन लागते, त्यामुळे एका टर्नमध्ये तो एकदाच लावता येतो. शिवाय तो तोंडाने उच्चारावा लागतो, म्हणून सायलेन्सच्या जादूत अडकलात तर बंद. जुन्या नियमात मात्र दोन फटके लागले आणि स्लॉट शिल्लक असले, तर दोन्हींवर स्माइट लावता यायचा.

म्हणजे नव्या पुस्तकातली बुक्की आणि जुन्या पुस्तकातले दोन स्माइट एकत्र केले, तर कुठल्याच पुस्तकात नसलेला पॅलाडिन तयार होतो. चॅटबॉटला नुसतं “बुक्कीवर स्माइट चालतो का?” असं विचारलं, तर नेमकी अशीच खिचडी हातात येऊ शकते. तुम्ही वर्ष सांगितलेलं नसतं आणि तो मात्र ठामपणे बोलतो.

ॲपवर सोडून दिलं तर?

डी अँड डी बियाँड हे अधिकृत ॲप हॅस्ब्रोने २०२२ मध्ये विकत घेतलं. ऑगस्ट २०२४ मध्ये कंपनीने जाहीर केलं, की कॅरेक्टर शीटवरचे जुने स्पेल आणि जादूच्या वस्तू नव्या नियमांप्रमाणे बदलल्या जातील. खेळणारे भडकले. पैसे देऊन घेतलेलं पुस्तक, चालू असलेला गेम, आणि मधेच नियम बदलणार? काही दिवसांतच कंपनीने निर्णय मागे घेतला. आता जुन्या गोष्टींवर ‘लेगसी’ असं लेबल दिसतं. ते लेबल बघायची सवय लावा, अर्धे वाद तिथेच मिटतात.

मी आता काय करतो?

१. पहिल्याच दिवशी ठरवतो, की पुस्तक २०१४ चं की २०२४ चं. चॅटबॉटला विचारतानाही वर्ष लिहितो.

२. मूळ मजकूर शेवटपर्यंत वाचतो. विकत घेतलंच पाहिजे असं नाही. जुन्या मूलभूत नियमांची एसआरडी ५.१ आणि नव्यांची एसआरडी ५.२ क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली फुकट मिळते.

३. डिझायनर जेरेमी क्रॉफर्ड यांच्या जुन्या ट्विटचा स्क्रीनशॉट कुणी दाखवला, तर तो सल्ला म्हणून वाचतो. अधिकृत खुलासा कंपेंडियममध्येच असतो.

४. तरीही अडलं, तर दोन मिनिटांत मी निर्णय देतो. गेम संपल्यावर सगळे मिळून तपासतो.

आमचा गेम २०१४ चा होता, म्हणजे नियमाने ‘नाही’. पण हातात शस्त्र नसलेला, मरायला टेकलेला पॅलाडिन आणि तोल न बिघडण्याची कंपनीचीच ग्वाही, एवढं पुरेसं होतं. मी मित्राला फोन केला आणि म्हटलं, “चूक माझी होती. तुझी बुक्की चालली, स्माइटसकट. रविवारी ये, डाइस तूच टाक.”

तो आला. झोंबी पडला. तलवार अजून दरीतच आहे.