आपांना पुन्हा पुन्हा पहिल्यापासून सांगावं लागलं

गेल्या वर्षी शेजारच्या आपांसोबत मी एकाच आठवड्यात चार ठिकाणी गेले. सरकारी दवाखान्यात हाताला पट्टी बांधली, केसपेपरवर ‘पडल्यामुळे इजा’ असं लिहिलं. ठाण्यात एनसी घेतली आणि ‘नवऱ्याला समज देतो’ म्हणाले. जमातीच्या जिम्मेदारांनी दोन्ही घरच्यांना समोरासमोर बसवून सुलह केली. वकिलांनी कागद मागितले. चौघांपैकी कुणी वाईट वागलं असं मी म्हणणार नाही. पण दर ठिकाणी आपांना सगळं पहिल्यापासून सांगावं लागलं. चौथ्या खेपेला त्या वकिलांना एवढंच म्हणाल्या, ‘काही नाही, पडले.’

कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण कायदा 2005 चा, लागू झाला 26 ऑक्टोबर 2006 रोजी. ‘तो आपल्याला नाही, आपलं शरियतचं वेगळं,’ असं शिकलेली मुलंही मला सांगतात. चूक आहे. तो सर्व धर्मांच्या बायकांसाठी आहे, आणि फक्त बायकोसाठी नाही. आई, बहीण, मुलगी, विधवा भावजयसुद्धा त्यात येते. तलाक झाला म्हणून आधीच्या छळाची दाद संपत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये एका मुस्लिम पती-पत्नीच्याच खटल्यात सांगितलं.

या कायद्यात धावपळ बाईने करायची नाहीच मुळी. संरक्षण अधिकाऱ्याने तिचं ऐकून एक अहवाल भरायचा, तो मॅजिस्ट्रेटकडे द्यायचा, प्रत पोलीस ठाण्याला द्यायची. तिची वैद्यकीय तपासणी, निवारा, मोफत वकील, हे त्यानेच जुळवून आणायचं. आसरागृहाला किंवा दवाखान्याला तिला परत पाठवता येत नाही. ठाण्यात गेलेल्या बाईला हे सगळे हक्क सांगणं पोलिसांचंही कर्तव्य आहे. आम्हाला त्या आठवड्यात ‘संरक्षण अधिकारी’ हा शब्द चारपैकी एकाही ठिकाणी ऐकायला मिळाला नाही. मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाला राज्यांना हे अधिकारी नेमा म्हणून पुन्हा आदेश द्यावा लागला, यावरून काय ते समजा. पहिली सुनावणी साधारण तीन दिवसांत, असंही कायद्यात लिहिलंय. कोर्टाची पायरी चढलेल्यांनी हसू नये.

आपल्याच राज्यात याचं उत्तर आधी शोधलं गेलंय. 1984 मध्ये टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने मुंबई पोलिसांसोबत महिला व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. समाजकार्यकर्ती पोलिसांच्याच जागेत बसू लागली. पुढे वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात ‘दिलासा’ केंद्र आलं. तिथे ‘पडले’ म्हणणाऱ्या बाईला कुणीतरी एकटीला बसवून पुन्हा विचारतं.

आता आपल्या जमातीचं. मोहल्ल्यातली बाई ठाण्याच्या आधी तिथे जाते, मग तीही या साखळीतली एक कडी झालीच ना? सुलह वाईट नाही. पण नवरा आणि सासरा समोर बसलेले असताना आपा काय बोलणार होत्या? तिला वेगळं विचारा, तारीख रजिस्टरमध्ये लिहा, संरक्षण अधिकाऱ्याचा नंबर द्या. एवढं तरी जमातीने करावं.

‘आधीच आपल्या पोरांकडे संशयाने बघतात, त्यात आपणच पोलिसात नाव द्यायचं?’ हा प्रश्न मला आपांच्या अम्मींनीच विचारला. तो मी झटकून टाकत नाही, ती भीती खरी आहे. पण या कायद्यात सुरुवात तुरुंगाने होत नाही. मारू नको, घराबाहेर काढू नको, खर्च दे, असे आदेश मॅजिस्ट्रेट देतात. संरक्षणाचा आदेश मोडला तर एक वर्षापर्यंत कैद, वीस हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. हे कळल्यावरच अम्मी तयार झाल्या.

अहवाल शेवटी भरला गेला, पाच महिन्यांनी. दवाखान्याची तारीख, एनसीचा नंबर आणि जमातीच्या बैठकीचा दिवस पहिल्यांदाच एका कागदावर एकाखाली एक आले. पुढची तारीख याच महिन्यात आहे. बैठकीला हजर असलेले एक जिम्मेदार साक्षीला येतो म्हणालेत. आपा विचारत होत्या, त्यांना रिक्षा पाठवायची का.