मांजराचे दुखणे आणि घरातले भांडण

दीड महिन्यापूर्वी सोमवारच्या गर्दीत एक निवृत्त शिक्षिका दवाखान्यात आल्या. उजवा हात पदराखाली झाकलेला. नंबर आल्यावर त्यांनी आधी दार लोटून घेतले आणि मग हात टेबलावर ठेवला. अंगठ्याच्या बुडाशी दोन बारीक छिद्रे, भोवती लालभडक सूज, ती मनगटापर्यंत चढलेली.

"काय चावले?"

"आमचाच बोका. गोळी भरवत होते."

"केव्हा?"

"परवा दुपारी."

मग आज का दाखवता, असे विचारल्यावर त्या खालच्या आवाजात म्हणाल्या, "डॉक्टर, ह्यांना सांगितलेले नाही. सांगितले असते तर म्हणाले असते, बघ, मी म्हणतच होतो."

आधी त्या हाताविषयी सांगतो, कारण वाचकांपैकी अनेकांच्या घरी मांजर आहे. कुत्रा चावला की जखम मोठी दिसते, माणूस घाबरून धावत येतो. मांजराचे दात सुईसारखे असतात. वरचे छिद्र लवकर मिटते आणि तोंडातले जंतू आत कोंडले जातात. पाश्चुरेला नावाचा जंतू यात मुख्य. चोवीस तासांच्या आत ठणका आणि सूज सुरू होते. सांध्यात पू झाला तर हात उघडून धुवावा लागतो. शिवाय रेबीज. मांजरापासून रेबीज होत नाही, असे सुशिक्षित लोकही मला ऐकवतात. तो समज साफ चुकीचा आहे. मांजर चावले किंवा ओरबाडून रक्त आले तर लगेच साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटे जखम धुवावी. हळद, चुना, तेल काही भरू नये आणि त्याच दिवशी दवाखाना गाठावा. लस दंडात घेतली तर ०, ३, ७, १४ आणि २८ व्या दिवशी अशी पाच वेळा असते. सरकारी रुग्णालयात कातडीत देतात, तिचे वेळापत्रक थोडे वेगळे. रक्त आले असेल तर जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही द्यावे लागते. बाईंना प्रतिजैविक आणि धनुर्वाताचे इंजेक्शन देऊन, लशीचा पहिला डोस टोचून, इम्युनोग्लोब्युलिनसाठी चिठ्ठी दिली आणि म्हटले, "पाच वेळा यायचे आहे, लपून राहणार नाही. पुढच्या वेळी दोघे या."

दोघे आले. यजमान एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले, स्वभावाने सरळ. हकिकत अशी की, १३ वर्षांपूर्वी मुलीने पावसात भिजलेले पिल्लू उचलून आणले. मुलगी नोकरीला नाशिकला गेली, बोका इथेच राहिला. सहा महिन्यांपासून तो न्हाणीतल्या बादलीला तोंड लावून सारखे पाणी पिई, वाळत चालला होता, खाल्लेले उलटत होता. जिल्ह्याच्या पशुवैद्यांनी रक्त तपासले, तर मूत्रपिंडे निकामी होत आलेली. तेच क्रिएटिनिन, जे आपण माणसांत मोजतो. म्हाताऱ्या मांजरांत हा आजार फार आढळतो आणि मूत्रपिंडाचे बरेचसे काम थांबेपर्यंत बाहेरून काही कळत नाही. पशुवैद्यांनी आडपडदा ठेवला नाही. बरा होणार नाही, पण दिवसाआड कातडीखाली सलाईन आणि मळमळीची गोळी दिली तर काही महिने सुखाचे जातील, असे सांगितले. सलाईन घरी कसे द्यायचे ते बाईंना शिकवले.

तिथून घरात दोन पक्ष झाले. यजमान मला म्हणाले, "डॉक्टर, तुम्हीच सांगा. आपल्याकडे माणसाला डायलिसिससाठी पहाटेची गाडी धरून जिल्ह्याला जावे लागते, आणि आमच्या घरात मांजराला सलाईन! लोक हसतात."

हे वाचून मान डोलावणारे बरेच असतील. माझीही थोडी डोलली. पण मी त्यांना एवढेच विचारले, "सलाईन देताना बोक्याला धरता का तुम्ही?" ते गप्प झाले. मग म्हणाले, "माझ्या आईला शेवटचे तीन महिने असेच सुया टोचून ठेवले होते. डॉक्टर, मला ते पुन्हा बघवत नाही. मी त्या वेळी बाहेर निघून जातो."

बाई त्यांच्याकडे बघतच राहिल्या. "हे तुम्ही मला कधी बोलला नाहीत," म्हणाल्या.

बत्तीस वर्षांच्या संसारात सांगायचे राहिलेले बोक्यामुळे बाहेर आले. आजारी मांजरावरून नवरा-बायकोत होणारी भांडणे मी पुष्कळ ऐकली आहेत, कारण गावात गुरांचे डॉक्टर एक आणि मी कोपऱ्यावर. एक म्हणतो खर्च करू, दुसरा म्हणतो निसर्गावर सोडू. पहिल्याला वाटते दुसरा निर्दय आहे, दुसऱ्याला वाटते पहिल्याला वेड लागले आहे. माझ्या मते दोन्ही आरोप बहुतेक वेळा खोटे असतात. त्यांना भिण्याचे कारण वेगळे असते, आणि ते बोलण्याऐवजी माणसे गुपचूप काहीतरी करतात. कोणी चावा लपवते, कोणी औषध लपवून देते, कोणी दुसरा बाहेर गेल्यावर मांजर पोत्यात घालून नदीपलीकडे सोडून येतो. या शेवटच्या प्रकाराला आपल्याकडे कोणी फारसे वाईट म्हणत नाही. आजारी, पाळीव मांजर तिथे तहानेने मरते. प्राण्याला उपाशी-तहानलेले राहावे लागेल अशा रीतीने टाकून देणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे, हेही सांगून ठेवतो.

दुसऱ्यांच्या घरातले सांगतो आहे तर स्वतःच्या घरातलेही सांगायला हवे. आमच्या लग्नाला चार-पाच वर्षे झाली होती. घरी एक पांढरी मांजरी होती. तिला ताप भरला, कोपऱ्यात बसून राहिली. पत्नी म्हणाली, "अहो, गुरांच्या डॉक्टरांना एकदा दाखवू या." मला ते अपमानास्पद वाटले. दिवसाला पन्नास माणसे तपासणाऱ्याने आपल्या मांजरासाठी दुसऱ्याच्या दारात जायचे? ती नको नको म्हणत असताना मी पॅरासिटामॉलची अर्धी गोळी मधात कालवून मांजरीच्या तोंडात घातली. रात्री तिचे तोंड सुजले, हिरड्या चॉकलेटसारख्या तपकिरी झाल्या, श्वासाला धाप लागली. सकाळी ती गेली. मागाहून पुस्तक उघडून पाहिले. माणसाच्या यकृतात हे औषध निकामी करण्याची जी सोय असते, ती मांजरात जवळजवळ नसते. औषधाचे विष होते, रक्तातला लाल रंग प्राणवायू वाहून नेईनासा होतो. आपल्या घरातली ५०० मिलिग्रॅमची साधी गोळी मांजराचा जीव घ्यायला पुरते. ॲसिटिलसिस्टीन नावाचा उतारा आहे, पण तो वेळेत मिळायला हवा आणि मुळात काय दिले ते पशुवैद्यांना खरे सांगायला हवे. पत्नी मला एका शब्दाने बोलली नाही. तिने ताट वाढले आणि समोर न बसता आत निघून गेली. असे आठ दिवस चालले.

म्हणून कोणी सलाईनचा सेट आणि डोस विचारत दवाखान्यात आले, तर मी हात जोडतो. १९८४ च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्याप्रमाणे प्राण्यांवर उपचार करणे हे नोंदणीकृत पशुवैद्यांचे काम आहे. कायदा नसता तरी मी आता तसे केले नसते.

भांडण करायला माझी हरकत नाही, पण ते निदानानंतर करावे. बहुतेक घरांत निदान व्हायच्या आधीच होते. एका घरी बोका दोन दिवस वाळूच्या ट्रेमध्ये कुंथत होता. बायको म्हणे दाखवू, नवरा म्हणे बद्धकोष्ठ आहे, एरंडेल पाज. बोक्याची लघवी अडली होती. नर मांजरात मूत्रनलिका अरुंद असते, खडा किंवा चिकट गोळा अडकला तर एक-दोन दिवसांत जीव जातो. तो गेलाही. मांजर लघवीला बसून काहीच होत नसेल, धापा टाकत असेल, किंवा सलग दोन दिवस अन्नाला शिवले नसेल, तर त्या घटकेला मतदान घेऊ नये, उठून जावे.

घरात सून गरोदर असली की वाद आणखी चिघळतो. मांजर घालवा, असा हुकूम सुटतो. भीती टोक्सोप्लाझ्माची असते आणि ती अगदीच निराधार नाही. पण मांजराच्या विष्ठेतले ते जंतू संसर्ग करण्याजोगे व्हायला किमान एक दिवस लागतो. ट्रे रोज दुसऱ्याने साफ करावा, गर्भवतीने त्याला हात लावू नये, मातीकाम हातमोजे घालून करावे आणि मांस नीट शिजवून खावे. कच्च्या मांसातूनही हा रोग येतो, त्याची आठवण मात्र कोणाला होत नाही. मांजराच्या केसाने घटसर्प होतो, हाही एक जुना समज. घटसर्प माणसाकडून माणसाला होतो आणि त्याला लस आहे. दमेकऱ्याला मांजराची ॲलर्जी असू शकते, त्याची तक्रार मात्र खरी मानावी.

त्या जोडप्याला मी एवढेच सुचवले की पशुवैद्यांकडे दोघांनी मिळून जा. एकट्याने जाऊन आणलेला निरोप दुसऱ्याला पटत नाही. बोक्याला आत्ता त्रास किती आहे, हे त्यांना विचारा. त्या प्रश्नावर सेवा करणाऱ्याचेही मत अंतिम नाही आणि पैसे देणाऱ्याचेही नाही. थांबायचे केव्हा, तेही आजच विचारून ठेवा. आणि उपचार किती दिवस निभवता येतील, हे मात्र जी व्यक्ती दिवसाआड सुई हातात धरते तिने सांगावे. प्राण्याला भूल देऊन शांतपणे मरण देणे याला काही घरांत पाप मानतात. मी त्यांच्याशी वाद घालत नाही. पण मूत्रपिंडे बंद पडलेले मांजर शेवटच्या दिवसांत कसे तडफडते ते पशुवैद्यांना विचारून मग ठरवावे.

२८ व्या दिवशी दोघे शेवटच्या डोससाठी आले. हात पूर्ण बरा झाला होता. बोका अजून होता आणि पशुवैद्यांनी सांगितलेली खूण त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवली होती: दोन दिवस जेवला नाही आणि हाक मारल्यावर उठला नाही, तर त्याला घेऊन यायचे. सलाईनची बाटली त्याच कॅलेंडरच्या खिळ्याला टांगतात. यजमान त्याला टॉवेलात गुंडाळून मांडीवर धरतात, मान दुसरीकडे वळवून.

निघताना त्यांनी विचारले, "डॉक्टर, थंडीत सलाईन गार लागते, बोका दचकतो. बाटली जरा कोमट पाण्यात ठेवली तर चालेल का?"

मी म्हटले, ते मला विचारू नका.

"त्यांना विचारलेय," बाई म्हणाल्या. "चालते म्हणाले. ह्यांना तुमच्याकडूनही ऐकायचे होते."