रोग पिकल्यावर या!

दोस्तांनो, आरोग्य आता सगळ्यांना मिळालंय म्हणे! महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजना. पाच लाखांपर्यंत उपचार, कुठल्याही रंगाचं रेशनकार्ड चालेल, असं २०२३ साली ठरलं. नाव कुणाचं घेतलंय बघा. १८९७ च्या प्लेगात याच फुल्यांची सावित्रीमाई आजारी पोराला पाठीवर घेऊन दवाखान्यात धावली होती. रोग पूर्ण पिकू दे, मग बघू, असं ती म्हणाली नव्हती.

ही योजना तेच म्हणते.

मी चाकणच्या गोदामात डॉकवर कंटेनर खाली करतो. माझी आत्या भोसरीच्या एका वर्कशॉपात झाडू मारायची. वर्षभर तिच्या अंगावरून जात होतं. घरात बोलली नाही. कुणाशी बोलणार? दवाखान्यात गेली तर म्हणाले, आधी बाहेरून तपासण्या करून आणा. सोनोग्राफी, बायप्सी, रिपोर्ट. प्रत्येक कागदामागे एक हजरी बुडाली, वर व्याजाचे पैसे. तिसरी स्टेज लिहून आली तेव्हा कुठं योजनेचं दार उघडलं. पुढचा उपचार फुकट झाला, खोटं कशाला बोलू? पण आत्या गेली तेव्हा कार्डात पैसे शिल्लक होते.

पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर असा अचानक उगवत नाही. आधी कित्येक वर्षं तिथली कातडी बिघडत असते. त्या वेळी सापडलं तर बाई वाचते. हे जगाला कुणी शिकवलं माहीत आहे? आमच्याच बायांनी, स्वतःची अंगं देऊन.

१९९८ पासून टाटा हॉस्पिटलने मुंबईच्या झोपडपट्ट्यांतल्या दीड लाख बायांचा अभ्यास केला. निम्म्यांना दोन-दोन वर्षांनी तपासलं, निम्म्यांना नाही. तपासणाऱ्या डॉक्टर नव्हत्या. दहावीपर्यंत शिकलेल्या बाया, चार आठवड्यांचं शिक्षण दिलेल्या. हातात पातळ व्हिनेगर, चायनीजच्या गाडीवर असतं तसलंच. बिघडलेला भाग त्याने पांढरा पडतो. तपासलेल्यांत या कॅन्सरची मरणं ३१ टक्क्यांनी कमी झाली. २०१४ ला ते छापून आलं. मीही मॅट्रिकच आहे, म्हणून हे वाचून छाती फुगली. मग डोकं फिरलं.

कारण दुसरा अभ्यास उस्मानाबादचा, म्हणजे आताच्या धाराशिवचा. ५२ गट, १,३१,७४६ बाया. एचपीव्हीची तपासणी एकदाच दिलेला गट ३४,१२६ बायांचा. आठ वर्षांत त्यातल्या ३४ या कॅन्सरने मेल्या. ज्यांना तपासणी दिलीच नाही त्या ३१,४८८. त्यातल्या ६४ मेल्या. २००९ ला जगभर गाजलं. व्हिनेगरने तिथं तेवढा फरक पडला नाही, हेही सांगतो. नाहीतर उद्या गरिबाला व्हिनेगर आणि बंगलेवालीला एचपीव्ही अशी वाटणी करतील साले.

त्या जिल्ह्यातली माणसं एसटीत बसून इथं भोसरी-चाकणला येतात. त्यांच्या बाया नटबोल्ट पॅक करतात, प्राधिकरणातल्या बंगल्यांची भांडी घासतात. त्यांना काय मिळालं? २०१६ साली सरकारने कागदावर लिहिलं की तिशीपासून पासष्टीपर्यंतची प्रत्येक बाई तपासू. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या तीस ते एकोणपन्नास वयाच्या शंभर बायांत दोघींचीसुद्धा ही तपासणी झालेली नव्हती. आणि बीड? तिथं ऊसतोडणीच्या बायांना कॅन्सरची भीती घालून पिशव्याच काढल्या. २०१९ मध्ये सरकारी समितीला अशा पिशवी काढलेल्या १३ हजारांवर बाया सापडल्या. तपासणी द्यायला कुणी नाही, भीती विकायला दवाखाने उभे!

ईएसआय आहे की, म्हणतात. बाबासाहेब मजूरमंत्री होते तेव्हा, १९४४ ला, अदारकरांनी त्याचा आराखडा दिला, १९४८ ला कायदा झाला. हक्क आहे तो, भीक नाही. पगारातला पाऊण टक्का आम्ही भरतो. पण कॅन्सरच्या मोठ्या उपचाराला सलग वर्गणी लागते आणि कंत्राटदार सात महिन्यांनी ब्रेक देतो. भांडी घासणारीला तर तेही कार्ड नाही.

बाया लाजतात, असं आपलेच काही शहाणे कार्यकर्ते म्हणतात. अरे, एचपीव्हीचा नमुना बाई स्वतःच्या हाताने घेऊ शकते, जागतिक आरोग्य संघटनेने तसं मान्य केलंय. पस्तिशीला एकदा, पंचेचाळिशीला एकदा. हजरी कापली जाणार नाही एवढं लिहून द्या, मग मोजू किती लाजतात ते.

गाडी कंपनीच्या गेटवर आणि वस्तीच्या चौकात आली पाहिजे. पगारी वेळेत. रिपोर्ट, बायप्सी, जाण्यायेण्याचं भाडं, सगळं त्याच योजनेत. महापालिकेकडे पैसा नाही हे पिंपरी-चिंचवडमध्ये तरी कुणी सांगू नये.

लिहायला येतं ना आपल्याला? मग कविता चार दिवस बाजूला ठेवा आणि वह्या घ्या. भाटनगर, नेहरूनगर, विठ्ठलनगर. बरोबर वस्तीतल्या पोरी पाहिजेत, त्याच आत जाऊन बोलतील. तीस वर्षांवरची प्रत्येक बाई, तिचं काम, कंत्राटदार, तपासणी झाली की नाही. याद्या झाल्या की त्या बायांसकट वायसीएमच्या दारात बसू.