गळतं कुठून, ते आधी बघा

मोलगीत जुन्या जीपखाली तेलाचा डाग दिसला की घरात इंजिन खोलायची चर्चा सुरू होते. भाईजान, मुलांच्या फीचे पैसे इतक्यात मोडू नका. तेल वरून ओघळतं, वाऱ्याने मागे पसरतं. डागाच्या बरोबर वरच गळती असते असं नाही. गार इंजिन पुसून कोरडं करा, खाली पुठ्ठा ठेवा, थोडा वेळ चालवा. सर्वांत वरची ओली जागा शोधा. (सैल बाही पंख्यापासून दूर!) बरेचदा टॅपेट कव्हरचं पॅकिंगच गेलेलं असतं. नवं बसवताना बोल्ट फार आवळू नका, कव्हर वाकतं. ब्रीदर पाइप तुंबला असेल तर नवं सीलही तेल सोडतं; हे पुष्कळ मिस्त्री बघतच नाहीत. मागचं क्रँक सील गेलं असेल तर मात्र गिअरबॉक्स उतरवावा लागतो. तोवर देवगोई घाटात गाडी घालण्याआधी, इंजिन बंद करून, सपाट जागी डिपस्टिक पाहा.