वाट पक्की करा म्हणणाऱ्यांसाठी (मी पण त्यातलाच होतो)

थोडं लांबलंय, पण कोल्हापूरकरांनी शेवटपर्यंत वाचावं ही विनंती.

जुलै आला की पन्हाळ्यावर बाजीप्रभूंच्या पुतळ्यापाशी गाड्या लागायला सुरुवात होते. भगवे झेंडे, रेनकोट, शिवरायांच्या घोषणा, आणि शेकडो पोरं पवनखिंडीकडं चालू लागतात. 1660 च्या 12 जुलैला, आषाढ पौर्णिमेच्या रात्री, सिद्दी जौहरचा वेढा चुकवून महाराज याच बाजूनं विशाळगडाकडं निघाले. आपल्याला त्याच पन्नासएक किलोमीटरला दोन दिवस लागतात. तेही डबा, बॅटरी आणि मुक्कामाला गरम आमटी मिळून.

मी ही वाट चार वेळा चाललोय. दोनदा बातमीसाठी, दोनदा स्वतःसाठी. पहिल्या वेळी परत आल्यावर मी जी बातमी लिहिली, तिचा सूर तुम्हाला पाठ असेल. वाट बिकट, चिखलाचं साम्राज्य, प्रशासन झोपेत, पक्का रस्ता कधी? बातमी चांगली लागली. चार जणांनी पाठ थोपटली. आज ती वाचली की लाज वाटते.

कारण सांगतो. तिसऱ्या वेळी मसाई पठारावर आम्ही सहा जण चुकलो. ज्यांनी हे पठार उन्हाळ्यात पाहिलंय त्यांना खरं वाटणार नाही. सपाट जांभा, मोकळं माळरान, चुकायचं कशाला? पण पावसात तिथं धुकं उतरलं की दहा पावलांवरचा माणूस दिसत नाही, आणि सपाट असल्यामुळंच कुठं उतरायचं ते कळत नाही. दगडांवर बाण होते, पण प्रत्येक ग्रुपनं आपापल्या रंगात मारलेले. दोन बाण तर एकमेकांच्या विरुद्ध. शेवटी घोंगडं पांघरलेले एक धनगर मामा म्हशी घेऊन आले आणि काही न विचारता कुंभारवाडीच्या उतरणीला लावून गेले. पैसे दिले तर घेतले नाहीत.

त्या रात्री पुढच्या एका वाडीत मुक्काम होता. चुलीपाशी बसून मी मोठ्या तोऱ्यात म्हणालो, "मावशी, ही वाट डांबरी व्हायला पाहिजे."

मावशी भाकरी थापता थापता म्हणाली, "तुमास्नी चालायला डांबर कशाला वो? आमास्नी दवाखान्यात जायाला पायजे. सुनंला बांबूच्या डोलीतनं न्हेली गेल्या साली."

तिथं माझी सगळी बातमी उलटी झाली.

आपण दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत करतोय. वाडीला मोठ्या रस्त्याशी जोडणारा रस्ता ही वाडीची गरज आहे, आणि ती आधी भागवा. ट्रेकरांची वाट ही वेगळी गोष्ट. तिच्यावर सिमेंट ओतलं तर पहिल्या वर्षी फोटो येतील, दुसऱ्या वर्षी चारचाकी येतील, तिसऱ्या वर्षी मसाईवर भेळेच्या गाड्या. ज्या पठाराला संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा मिळालाय, तिथं हे करायचं? आणि डोंगरात पक्कं म्हणजे काय, हे 2021 च्या जुलैत आपण पाहिलंच की. पन्हाळ्याचा मुख्य रस्ताच खचला होता.

मग वाट आहे तशी सोडायची का? नाही. वाट बिघडते कशी ते बघा. उतारावर पाणी वाटेतूनच धावतं, माती नेतं, नाला होतो. लोक नाला टाळून कडेनं चालतात, वाट रुंद होत जाते आणि शेवटी भाताच्या बांधावर चढते. नेमकी तेव्हाच रोप लावण चाललेली असते. एका ग्रुपच्या दोनशे जोडी बुटांनी बांध फुटला की त्या शेतकऱ्याचं पाणी गेलं. त्याची भरपाई कुठल्या मोहिमेच्या फीमध्ये धरलेली असते?

यावर उपाय जुनाच आहे. पाणी बाहेर काढणारे तिरके चर, चढाला स्थानिक दगडाच्या पायऱ्या, बाकी माती. स्कॉटलंडमध्ये बेन नेविस नावाचा खडकाळ डोंगर आहे, 1345 मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईपेक्षा बुटकाच. शिखरावरच्या वेधशाळेसाठी 1883 मध्ये तिथं घोड्यांची वाट बांधली. बहुतेक लोक आजही तिनंच चढतात, आणि दगड बसवून तिची डागडुजी चालू असते. शिखरापर्यंत डांबर नाही. तिथल्या 2003 च्या कायद्यानं लोकांना रानात, माळावर फिरायचा हक्क दिला, पण त्याला जबाबदारीनं वागायची अट घातली. आपण हक्क तेवढा घेतलाय.

2025 मध्ये पन्हाळा जागतिक वारसा यादीत गेला. अभिमान आहेच. पण आता गर्दी वाढणार, आणि ती गडाच्या तटाशी थांबणार नाही.

म्हणून माझं मागणं साधं आहे. एका दिवशी किती माणसं सोडायची ते ठरवा. रंगाचे बाण बंद करून म्हाळुंग्यापासून पांढरपाण्यापर्यंत एकाच पद्धतीचे कोरीव दगड लावा. प्रत्येक ग्रुपबरोबर त्या भागातला वाटाड्या सक्तीचा करा, त्याला मजुरी आणि विमा द्या. आणि मोहिमेच्या फीतला ठराविक वाटा करपेवाडी, आंबर्डे, पाटेवाडी, म्हसवड्याच्या ग्रामस्थांकडं जाऊ दे.

बाजीप्रभू आणि बांदल मावळे खिंडीत उभे राहिले ते मागून पुढं गेलेल्या माणसासाठी. आपण निदान ज्यांच्या अंगणातून पुढं जातो त्यांच्याकडं एकदा मागं वळून बघू.

पटलं तर शेअर करा. नाही पटलं तर भांडा, पण एकदा भर पावसात मसाई ओलांडून आल्यावर.