विश्लेषण : मुलाच्या हाती दाखला देणे हाच उपाय? ‘रिस्टोरेटिव्ह जस्टिस’चा पर्याय काय आहे?

मारामारी झाली, चोरी सापडली की अनेक शाळांकडे एक सोपा उपाय असतो : पालकांना बोलवायचे आणि दाखला देऊन टाकायचा. शहरातल्या मुलाला दुसरी शाळा मिळू शकते. डहाणू तालुक्यातील रानशेतसारख्या गावच्या आश्रमशाळेत मात्र शिक्षण, जेवण आणि निवास एकाच ठिकाणी असतो. तिथून नाव कमी झाले की तिन्ही गोष्टी एकाच दिवशी सुटतात. म्हणूनच ‘रिस्टोरेटिव्ह जस्टिस’ हा पर्याय इथे समजून घ्यायला हवा.

कायदा काय सांगतो?

शिक्षण हक्क कायदा 2009 च्या कलम 16 नुसार आठवी पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही. 2019 च्या दुरुस्तीने पाचवी आणि आठवीत नापास करण्याची मुभा मिळाली, पण काढून टाकण्यावरील बंदी कायम राहिली. कलम 17 मारहाण आणि मानसिक छळाला मनाई करते.

अडचण नववीपासून सुरू होते, कारण तिथे हे संरक्षण संपते. याच वयात वीटभट्टीचे किंवा कारखान्यातले काम मुलांना खुणावते. शिवाय ‘पालकांनीच दाखला मागितला’ अशी नोंद झाली, तर मुलाला काढल्याचे कागदावर दिसतही नाही.

रिस्टोरेटिव्ह जस्टिस म्हणजे काय?

‘कोणता नियम मोडला आणि शिक्षा काय?’ याऐवजी इथे तीन प्रश्न विचारले जातात. नुकसान कोणाचे झाले? त्याला आता काय हवे आहे? ते भरून काढण्याची जबाबदारी कोणाची? न्यूझीलंडने माओरी समाजाच्या परंपरेचा आधार घेऊन 1989 मध्ये बालगुन्ह्यांसाठी कुटुंब बैठकीची पद्धत कायद्यात आणली. पुढे अनेक देशांतील शाळांनी असे मार्ग वापरले.

समजा, नववीतल्या मुलाने वसतिगृहात सातवीतल्या मुलाच्या पेटीतून पैसे घेतले. अशा वेळी दोन्ही मुले, त्यांचे पालक, वर्गशिक्षक आणि अधीक्षक एकत्र बसतात. ज्याचे पैसे गेले तो आधी बोलतो. पैसे कसे आणि कधी परत करायचे, हे लिहून ठेवले जाते आणि महिन्याने पुन्हा बसून आढावा घेतला जातो. मुलाला जबाबदारी टाळता येत नाही, पण त्याची शाळाही सुटत नाही.

याचा उपयोग होतो का?

काही प्रमाणात. अमेरिकेतील पिट्सबर्गमध्ये 2015 ते 2017 या काळात रँड संस्थेने 44 शाळांचा अभ्यास केला. ही पद्धत वापरणाऱ्या शाळांत निलंबनाचे दिवस घटले आणि वातावरण सुधारल्याचे शिक्षकांनी सांगितले. मात्र विद्यार्थ्यांच्या अटकेचे प्रमाण कमी झाले नाही आणि सहावी ते आठवीच्या मुलांची अभ्यासातली कामगिरी घसरली. म्हणजे नुसत्या बैठका पुरत नाहीत.

कुठे वापरू नये?

लैंगिक अत्याचाराचे प्रकरण बैठकीत मिटवता येत नाही. पोक्सो कायद्यानुसार पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. रॅगिंगसाठी महाराष्ट्राचा 1999 चा स्वतंत्र कायदा असून तो वसतिगृहांनाही लागू आहे. त्यात दोषी ठरलेल्या विद्यार्थ्याला काढून टाकण्याची आणि पाच वर्षे इतरत्र प्रवेश न देण्याची तरतूद आहे. त्रास सोसलेल्या मुलाची तयारी नसेल, तर त्याला समोर बसवणे हा दुसरा अन्याय ठरतो.

डहाणू, तलासरीत हे शक्य आहे का?

दोन्ही तालुके अनुसूचित क्षेत्रात येतात. पारंपरिक पद्धतीने तंटे सोडवण्याची रीत जपण्याचा अधिकार 1996 च्या पेसा कायद्याने ग्रामसभेला दिला आहे. मुलाचे प्रकरण भर ग्रामसभेत नेऊ नये, पण बसून तोडगा काढणे इथल्या लोकांना परके नाही. शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश पालक असतात. 2022 पासून सखी सावित्री समित्याही आहेत. त्यामुळे नवी यंत्रणा उभारण्याची गरज नाही.

अडथळेही खरे आहेत. दिवाळीनंतर कामासाठी स्थलांतर केलेले पालक बैठकीला कसे येणार? घरी वारली बोलणारे मूल प्रमाण मराठीत मन कसे मोकळे करणार? शिक्षकांना प्रशिक्षण आणि वेळ कोण देणार?

याच तालुक्यातील कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी गुरे चारणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा चालवली. मूल शाळेत येत नव्हते, तेव्हा शाळा त्याच्याकडे गेली. आता प्रश्न शाळेत आलेल्या मुलाचा आहे. नववीत चुकलेल्या मुलाला दाखला देण्याआधी एक बैठक सक्तीची करणे, ही सुरुवात होऊ शकते.