व्यायामशाळेची किल्ली

ज्या शाळेला परंपरा असते, तिला ती मिरविण्याचा मोह होणें स्वाभाविक आहे. यंदा आमच्या जुन्या व्यायामशाळेंत माजी बास्केटबॉल खेळाडूंचा सत्कार झाला. भिंतींवरील जुन्या संघांचीं छायाचित्रें पुसून पुन्हां टांगण्यांत आलीं. ढाली व चषक यांना उजाळा मिळाला. केंस पिकलेले गृहस्थ त्या झिजलेल्या फळ्यांवर उभे राहून सद्गदित झालेले आम्हीं पाहिले. हा समारंभ सर्वथैव उचित होता. परंतु दुसऱ्याच दिवशीं नित्याप्रमाणें संध्याकाळीं व्यायामशाळेला कुलूप लागलें. आणि परंपरेचा सन्मान म्हणजे काय, हा प्रश्न आमच्या मनांत उभा राहिला.

हा खेळ मूळचा व्यायामशाळेंतलाच. १८९१ सालच्या डिसेंबरांत अमेरिकेंतील स्प्रिंगफील्ड येथें, ख्रिस्ती तरुणांच्या एका शिक्षणसंस्थेंत, जेम्स नायस्मिथ या शिक्षकांनीं तो निर्माण केला. हिंवाळ्यामुळें आंत कोंडलेल्या विद्यार्थ्यांना कवायतीचा कंटाळा आला होता. नायस्मिथ यांनीं सज्जाच्या कठड्यास, सुमारें १० फूट उंचीवर, फळांच्या दोन टोपल्या ठोकल्या, १८ विद्यार्थ्यांचे दोन संघ केले व १३ नियम लिहून लाविले. चेंडू घेऊन धांवूं नये, प्रतिस्पर्ध्यास ढकलूं अथवा धरूं नये, हे त्यांतील प्रमुख नियम. अंगबळापेक्षां संयमास मान देणारा हा खेळ मिशनच्या संस्थांनीं देशोदेशीं नेला, यांत नवल नाहीं.

मुंबईंत मात्र तो सर्वांत खोल रुजला, तो आमच्या मतें नागपाड्यास. अमेरिकन मराठी मिशननें तेथें 'नेबरहुड हाउस' ही संस्था काढली. क्लिफर्ड मॅन्शर्ट हे तिचे चालक होते. नाना धर्मांच्या, दाटीवाटीनें राहणाऱ्या कष्टकरी लोकांची ती वस्ती. आणि संस्थेच्या नांवाप्रमाणेंच तिचें दार शेजाऱ्यांसाठीं होतें. त्या वस्तीनें बास्केटबॉल आपलासा केला. पुढें महानगरपालिकेच्या बच्चूखान मैदानावर, उघड्या आकाशाखालीं, पिढ्यान्‌पिढ्या मुलें खेळत आलीं व मोठे खेळाडू लहानांना शिकवीत आले. भारताच्या संघाचें नेतृत्व करणारे व १९७० सालचे अर्जुन पुरस्काराचे मानकरी अब्बास मुंतसिर हे याच नागपाड्याचे.

याच्या उलट पॅरिसचें उदाहरण पाहावें. तेथील त्रेविझ मार्गावरील तळघरांत १८९३ सालीं यूरोपांतील पहिला सामना झाला; मूळ स्वरूपांत उरलेलें जगांतील सर्वांत जुनें बास्केटबॉलचें अंगण म्हणून तें ओळखलें जातें. २०१९ च्या जानेवारींत त्या रस्त्यावर वायूचा स्फोट होऊन त्या वास्तूची हानि झाली व तेथील खेळ थांबला. तथापि यूरोपांतील बास्केटबॉल त्यामुळें थांबला नाहीं. वास्तु कितीही पूज्य असली, तरी खेळाचा जीव खेळणारांत असतो.

म्हणून आमची सूचना अशी कीं, आठवड्यांतून दोन संध्याकाळीं ही व्यायामशाळा शेजारच्या महानगरपालिकेच्या शाळांतील मुलामुलींना खुली करावी. मुलींचा हक्क तर या खेळांत जुनाच आहे. अमेरिकेंतील स्मिथ कॉलेजच्या विद्यार्थिनी १८९३ सालींच सामना खेळल्या होत्या. सत्कारास आलेल्या माजी खेळाडूंपैकीं जे मुंबईंतच राहतात, त्यांनीं पाळीपाळीनें देखरेख करावी. हार स्वीकारणाऱ्यांस हें जड वाटूं नये.

कोणी म्हणतील, परक्या मुलांनीं फळ्या झिजतील, वस्तू मोडतील, शिस्त बिघडेल. मोडतोडीची भीति खोटी नाहीं. तीसाठींच देखरेख हवी. पण झिजण्याविषयीं एक गोष्ट विसरूं नये. ज्या फळ्यांना आपण परवां वंदन केलें, त्या पायांनींच झिजल्या आहेत. न झिजत्या, तर वंदन करण्याजोगें तेथें काय होतें?

धन्यानें दिलेलें द्रव्य जमिनींत पुरून ठेवणाऱ्या दासाचा दृष्टांत आमच्या शाळेंत लहान मुलांसही ठाऊक आहे. शाळेच्या चालकांनीं किल्ली हातीं घेतांना त्याचें स्मरण ठेवावें, एवढीच आमची नम्र विनंती आहे.